जुन्या मॅन्युअल गाडीच्या गिअरबॉक्समध्ये जीएल-४ गिअर ऑइल घालू की जीएल-५?

गाडी २० वर्षांची, थंड असताना दुसरा गिअर खरखरत पडतो आणि मेकॅनिक म्हणतो, ‘जीएल-५ टाका, नंबर मोठा म्हणजे ऑइल भारी.’ गाडीच्या मॅन्युअलमध्ये (माहितीपुस्तिकेत) जीएल-४ लिहिलं असेल तर ऐकू नका. नंबर मोठा म्हणजे दर्जा वरचा, असं इथे नसतं.

जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घासत फिरणाऱ्या तिरक्या दातांच्या गिअरसाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची अ‍ॅडिटिव्ह बरीच जास्त असतात आणि जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर पडताना वेग जुळवून घेणाऱ्या कड्यांना) ती मानवत नाहीत. शिवाय रिंगेला पकड घ्यायला थोडं घर्षण लागतंच. ऑइल फारच निसरडं झालं की गिअर आणखी खरखरतो.

ग्रेडही (ऑइल किती जाड-पातळ ते) मॅन्युअलमधलाच. ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० दोन्ही चालतात असं लिहिलं असेल, तर तुमच्या तक्रारीसाठी ७५डब्ल्यू-९० घ्या. थंडीत ते पातळ राहतं. (९० आकडा बघून दचकू नका, गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे.) काही गाड्यांना मात्र एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) किंवा चक्क इंजिन ऑइलच लागतं.

बदलताना आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का बघा. खालचा उघडून ऑइल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच. खालच्या प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लगदा असणारच. जुन्या ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली, तर रिंगा झिजल्यात. मग कुठलंही ऑइल घाला, खरखर पूर्ण जाणार नाही.