बाई आली, बाई आल्या

प्रिय बाई,

तुमचं चार पानी पत्र मिळालं. फुलस्केप कागद, डावीकडे आखलेला समास, आणि तिसऱ्या पानावर स्वतःचीच एक वेलांटी तांबड्या पेनाने दुरुस्त केलेली. तुम्ही शिक्षिका आहात हे वेगळं सांगायची गरजच नव्हती.

वाचकांसाठी पत्रातलं थोडक्यात सांगते. बाई सांगलीच्या, वय 68, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे पोळ्या करायला एक बाई यायची, तिला आपण सुनंदा म्हणू. 2019 च्या पुरात तिचं घर पाण्यात गेलं. पंचनाम्याचा कागद घेऊन ती आली आणि म्हणाली, ‘‘बाई, अंगठा दिलाय, पण वर काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा.’’ शाळा पाचवीपर्यंत झालेली, अक्षरं विसरून गेलेली. दुसऱ्या दिवसापासून पोळ्या झाल्या की ओट्याशीच अर्धा तास शिकवणी सुरू झाली. सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरून तिने 2023 ला दहावी केली, 2025 ला बारावी. आता मुक्त विद्यापीठात बी.कॉम. करते आहे. बाईंच्या मनात मराठी घेऊन बी.ए. होतं. मध्यंतरी पोळ्यांची कामं सोडून ती एका पतसंस्थेची पिग्मी एजंट झाली, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत गोळा करणारी. नवऱ्यापासून वेगळी होऊन खोली भाड्याने घेतली. ही बातमी बाईंना सोसायटीच्या वॉचमनकडून कळली. बाई लिहितात, ‘‘मला आनंदच आहे. मग घशाशी हे काय येतं?’’

बाई, ‘आनंदच आहे’ हे पत्रात पाच वेळा आलंय. नुसता आनंद असता तर ‘च’ लावावा लागला नसता.

तुम्ही दोन गोष्टी मात्र फार प्रामाणिकपणे लिहिल्यात. बारावीचा निकाल लागला तेव्हा तिने तुम्हाला व्हॉट्सअॅपवर मेसेज केला, ‘‘बाई मी पास झाले तूमच्यामूळे.’’ तुम्ही आधी ‘तुमच्यामुळे’ असं शुद्ध करून पाठवलंत आणि अभिनंदन दहा मिनिटांनी केलंत. त्यानंतर ती मोठे मेसेज करत नाही, नुसता अंगठा पाठवते. (त्या अंगठ्यावर मी जरा थांबले. ज्या अंगठ्यापासून तुम्ही तिला सोडवलंत, तोच परत आला.)

दुसरी गोष्ट दिवाळीची. ती फराळाचा डबा घेऊन आली आणि सरळ सोफ्यावर बसली. तुम्हाला ते जाणवलं, आणि जाणवलं याची लाज वाटली. हे लिहायला धाडस लागतं. मी पत्राला उत्तर द्यायचं ठरवलं ते या एका ओळीमुळे.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. शिकवणारी ती बाई आणि पोळ्या करणारी तीही बाई. फरक सगळा क्रियापदात. वर्गात ‘बाई आल्या’ म्हणतात, स्वयंपाकघरात ‘बाई आली’. सहा वर्षं तुमच्या घरात या दोन्ही बाया एका ओट्याशी उभ्या होत्या आणि त्यांच्यातलं अंतर त्या क्रियापदाने सांभाळलं. आता पतसंस्थेचे खातेदार सुनंदाला ‘मॅडम आल्या’ म्हणत असणार. तुमच्या घशाशी येतं ते हे, असं मला वाटतं. तुम्ही तिच्यावर जळता असं मी म्हणत नाही. जळणारा माणूस अ‍ॅल्जिब्रा पुन्हा शिकून दुसऱ्याला शिकवत बसत नाही, आणि तुम्ही तर मराठीच्या.

माझ्या घरातलं सांगते. वडिलांनी आईला सही शिकवली ती बँकेच्या कामासाठी. जॉइंट खातं होतं, दरवेळी अंगठा आणि साक्षीदार ही कटकट नको म्हणून. पाटीवर महिनाभर गिरवून घेतलं. सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने दाखवायचे, ‘‘बघा, ही सही करते.’’ सहीच्या मागोमाग आई वाचायलाही शिकली, हळूच, रद्दीच्या पेपरवर. एक दिवस त्यांनी कसलासा कागद पुढे केला आणि फुलीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘इथे कर.’’ आई म्हणाली, ‘‘वाचते आधी.’’ कागद काकांना जामीन राहण्याचा होता. वडिलांनी तो परत कपाटात ठेवला आणि दोन दिवस आईशी बोलले नाहीत. वाईट माणूस नव्हते ते. सही शिकवताना तिच्या मागून वाचणंही येईल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं इतकंच.

आता खोलीचं. ‘‘इतकी वर्षं मी तिच्यासाठी केलं आणि तिने मला साधं सांगू नये?’’ असं तुम्ही विचारता. पण तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की नवऱ्यावरून ती रडली तेव्हा तुम्ही तिला दोनदा समजावलंत, संसारात थोडं सोसावं लागतं. मग तिसऱ्यांदा ती तुमच्याकडे कशाला येईल? तिला खोली घ्यायची होती, परवानगी नको होती. तुम्हाला विचारलं असतं तर तुमचा शब्द मोडावा लागला असता, आणि तो मोडणं तिला जड गेलं असतं. न सांगण्यात तुमचा मान राखण्याचाच भाग जास्त असावा. हा माझा अंदाज आहे. खरं तीच सांगेल.

आणि ते ‘एक पैसा घेतला नाही’. घेतला नाहीत, मान्य. पण दुसऱ्या पानावर ओझरतं आलंय की तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती पंधरा दिवस रात्री तुमच्याकडे झोपायला होती. त्याचे तुम्ही किती दिलेत, ते पत्रात नाही. बहुतेक काहीच नसेल, कारण तिनेही घेतले नसते. म्हणजे वहीत दोन्ही बाजूंना नोंदी आहेत. तुम्ही एकच बाजू वाचताय.

शिकवणाऱ्याचं हे दुखणं जुनं आहे. गोपाळराव जोश्यांनी आनंदीबाईंना शिकवायचा ध्यास घेतला, अभ्यास सोडून स्वयंपाकघरात गेली म्हणून तिला मारलं. 1883 मध्ये ती नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेली आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. तिथून तिने नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात लहानपणचा तो मार, अंगावर फेकलेली पुस्तकं आणि खुर्च्या, सगळं लिहिलंय. पुढे ती त्यांना म्हणते, तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं कठीण, मला विचाराल तर दोन्ही होतं, अशा अर्थाचं. तुम्ही गोपाळराव नाही, बाई, गैरसमज नको. पण मला त्या पत्रातलं ते ‘दोन्ही’ फार आवडतं. असं लिहायला शिकलेली बाई लागते. सुनंदाही उद्या तुमच्याबद्दल असं काही बोलली, तर ते कृतघ्नपणाचं समजू नका.

करायचं काय? तिचे मेसेज शुद्ध करणं आजपासून बंद. परीक्षेचा पेपर आणि आनंदाची बातमी यांना एकच लाल पेन चालत नाही. खोली बघायला जा, पण आधी फोन करून, ‘‘केव्हा येऊ?’’ असं विचारून. जाताना डाळ-तांदूळ आणि जुनी भांडी बांधून नेऊ नका. कुणाच्याही नव्या घरी न्याल ते न्या. नवऱ्याचा विषय तिने काढला तरच. आणि जमलं तर एक वाक्य बोला: ‘‘सोस म्हणाले ते चुकलं माझं.’’ एवढंच. त्यापुढे ‘पण’ नको.

‘तू’ चं ‘तुम्ही’ करावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नको. सहा वर्षांचं ‘तू’ एकदम बदललंत तर ती घाबरेल, तुम्ही रागावलात असं वाटेल तिला. चारचौघांत तिच्याबद्दल बोलताना मात्र ‘आमची पोळ्यांची सुनंदा’ म्हणू नका.

आणखी एक सुचवते. तिच्याकडे पिग्मी खातं उघडा. उपकार म्हणून उघडणार असाल तर राहू दे. पेन्शनीतून रोजचे वीस-पन्नास बाजूला पडावेत असं खरंच वाटत असेल तरच. आधी तिला बोलवा, सोफ्यावर बसवा आणि व्याज किती, मुदत किती, मध्येच मोडलं तर काय कापतात, ते सगळं विचारा. पतसंस्था कशी आहे तेही विचारा, ठेव तुमची आहे. न कळलं तर पुन्हा विचारा. ती फॉर्म पुढे करून फुलीवर बोट ठेवेल. तेव्हा चष्मा लावा आणि म्हणा, ‘‘वाचते आधी.’’

तुमची,
ताई