ते वचन कोणाला उद्देशून आहे?

कोल्हापूरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या लग्नाला आठ वर्षे झाली असून मुलगी पाच वर्षांची आहे. त्या स्टाफ नर्स आहेत आणि मिरजेच्या एका रुग्णालयाने त्यांना इन्चार्ज सिस्टरची जागा देऊ केली आहे. यजमानांचे उद्यमनगरात लेथचे लहान वर्कशॉप आहे, सध्या कामे कमी आहेत. ‘पती हा पत्नीचे मस्तक आहे, वचन मोडून संसार टिकत नाही,’ असे ते बायबलचा दाखला देऊन म्हणतात आणि निवृत्त शिक्षिका असलेल्या सासूबाई त्यांना दुजोरा देतात. ‘ही जागा स्वीकारली तर मी देवाच्या वचनाविरुद्ध जाईन का?’ असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम. तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र तेवढ्याने तुमच्या घरातला तिढा सुटणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

बायबलच्या नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाविसावी ओवी, पत्नींनी पतींच्या अधीन असावे असे सांगणारी, तुम्हाला ऐकवली जाते. तिच्या आधीची एकविसावी ओवी सगळ्या विश्वासणाऱ्यांना एकमेकांच्या अधीन राहण्यास सांगते, आणि सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी काहींमध्ये तर बाविसाव्या ओवीत स्वतंत्र क्रियापदच नाही. ते एकविसावीतून घ्यावे लागते. म्हणजे पत्नीची अधीनता त्या परस्परांच्या अधीनतेचाच एक भाग आहे, तोडून वेगळी दाखवावी अशी ती गोष्ट नाही. शिवाय हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने पत्नींना सांगितले ते पत्नींना, आणि पतींना सांगितले ते पतींना. ‘पतींनो, आपल्या बायकांना अधीन ठेवा’ असे त्याने तिथे कुठेही लिहिलेले नाही. ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायावर, प्रीती करून तिच्यासाठी स्वतःला दिले, तशी प्रीती करा, असे पंचविसाव्या ओवीत त्यांना सांगितले आहे. तुमच्या यजमानांच्या वाट्याला आलेली ओवी ती आहे. जे वचन पत्नीने स्वखुशीने पाळायचे, ते थकलेल्या बिलासारखे तिच्याकडून वसूल करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या वाट्याचे काम तुमच्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

‘देवाने स्त्रीला साहाय्यक म्हणून निर्माण केले’ हे वाक्यही तुमच्या पत्रात आहे. बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात ‘साहाय्य’ या अर्थाचा जो हिब्रू शब्द येतो, तोच १२१ व्या स्तोत्रात परमेश्वराकडून येणाऱ्या साहाय्यासाठी वापरला आहे. साहाय्य करणारा हलका, असा अर्थ त्यातून काढणे अवघड आहे. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्री शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, आणि तिच्या पतीचा तिच्यावर पूर्ण भरवसा असतो. तो अध्याय मातृदिनाला आपल्या मंडळ्यांत मोठ्या आवडीने वाचतात. शेत घेण्याची ओवी मात्र उपदेशात फारशी येत नाही.

रविवारी उपासनेहून आल्यावर पुरुष सोप्यात बसून उपदेशावर बोलतात आणि तुम्ही दोघी सासवा-सुना पांढऱ्या रश्शापाशी उभ्या असता, असे तुम्ही लिहिले आहे. कोल्हापुरात राहून, येशू घरी आला तेव्हा पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेचे काम कमी लेखण्याचे धाडस मी करणार नाही. तरी शिष्याप्रमाणे प्रभूच्या पायांशी बसलेल्या तिच्या बहिणीची, मरियेची, जागा तिच्यापासून काढून घेतली जाणार नाही, असे येशू म्हणाला, हे विसरू नका. आणि ज्या पवित्र शास्त्राचा दाखला देऊन तुम्हाला गप्प केले जाते, त्याचे हिब्रू व ग्रीकमधून मराठी भाषांतर केडगावात बसून पंडिता रमाबाईंनी, एका विधवेने, केले.

आता यजमानांविषयी. तुमचा पगार त्यांच्या मिळकतीपेक्षा जास्त होईल, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, सहज सांगावे तसे लिहिले आहे. मला वाटते, खरे दुखणे तिथे आहे. काम कमी झालेल्या माणसाला आपण घरात नकोसे होऊ अशी भीती वाटते आणि ती कबूल करण्यापेक्षा ओवी म्हणून दाखवणे सोपे जाते. त्यांच्याशी शास्त्रार्थ करू नका. तुम्ही वाद जिंकाल आणि ते आणखी मिटून बसतील. मिरज सुमारे ५० किलोमीटर आहे, तेव्हा रात्रपाळी किती, मुलीला शाळेतून कोण आणणार, वर्कशॉपचे हप्ते कोणत्या पगारातून जाणार, हे कागदावर मांडून दोघे बोला. सासूबाईंनी लहान मुले घरी ठेवून नोकरी कशी केली, हे त्यांना एकटीने विचारा, टोमणा म्हणून नव्हे, शिकायचे म्हणून. त्यांच्याकडे सांगण्यासारखे बरेच असेल आणि ते आजवर कोणी विचारलेही नसेल.

हा मतभेद आवाज चढण्यापुरताच आहे, असे मी गृहीत धरले आहे. हात उचलला जात असेल, तर तो अधीनतेचा प्रश्न उरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण तुम्हालाही आहे, आणि मला लगेच पुन्हा लिहा.

पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, मध्ये घेण्यापूर्वी एकदा रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत एकविसावीपासून तेहतिसावीपर्यंतच्या ओव्या यजमानांनाच मोठ्याने वाचू द्या आणि त्यावर तुम्ही काही बोलू नका. रुग्णालयाला होकार कळवण्याची मुदत महिनाअखेरीस आहे, म्हणजे अजून दोन रविवार हाताशी आहेत.