दोघींपैकी कुणाला बोलावू?

प्रश्न : मला सातवा महिना लागलाय. पहिलंच बाळंतपण, तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली. माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली. नवरा सोबत असेल, पण रक्त दिसलं की त्याला घेरी येते. डुला, म्हणजे बाळंतपणात सोबत राहून धीर देणारी बाई, ठेवावी असं मनात आहे. सासूबाई म्हणतात, "आम्ही काय असल्या बाया ठेवल्या होत्या?" दोघींशी फोनवर बोलले. एक म्हणाली, "काळजीच सोडा, माझ्याकडे सगळ्यांची नॉर्मलच होते." दुसरी कमी बोलली, उलट मलाच विचारत बसली. भेटीत नेमकं काय विचारू?
– क. स., भांडुप

उत्तर : कमी बोलणारीला बोलाव. पहिलीला नको. बाळाचे ठोके कधी कमी होतील, सिझर कधी करावं लागेल, हे डॉक्टरांनाही आधी सांगता येत नाही. ही बाई कशाच्या जोरावर सांगते?

मी ३१ वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते. त्यातली कितीतरी वर्षं मी पोरींच्या आयांना दाराबाहेर बसवलं. नियमच तसा होता. आत पोर "आई गं" करून ओरडायची आणि बाहेर आई तोंडात पदर धरून उभी असायची. एकदा रात्रपाळीला आमच्या वॉर्डातल्या मावशी, ड्यूटी संपली तरी घरी गेल्या नाहीत. कोपऱ्यातल्या खाटेवर एक पोर कळांनी वेडीपिशी झाली होती. मावशींनी तिला कुशीवर वळवलं, माकडहाडाच्या जरा वर मूठ टेकवली, आणि कळ आली की अंगाचा भार टाकून दाबायच्या, ओसरली की हात सैल. तोंडाने फक्त, "गेली बघ ही पण." पहाटे पाचपर्यंत हेच. पोर ओरडायची थांबली. मी तोवर शेकड्याने बाळंतपणं पाहिली होती, पण हे करायला मला कधी सुचलं नव्हतं.

डुलाचं काम हेच, आणि त्याचा फायदा मोजलेला आहे. कळांमध्ये सतत सोबत असली तर काय होतं, यावरचे १७ देशांतले २६ अभ्यास, १५ हजारांहून जास्त बायकांचे, २०१७ साली एकत्र तपासले गेले. सोबत असलेल्यांचं सिझरचं प्रमाण कमी निघालं, कळांचा वेळही थोडा कमी. प्रमाण कमी म्हणजे खात्री नव्हे, हे मात्र लक्षात ठेव.

भेटीआधी तुझ्या डॉक्टरांना विचार, डुलाला आत सोडतात का? नवरा आणि ती दोघं चालतील, की एकच? सरकारी रुग्णालयांत सोबतीण असू द्यावी असं केंद्राने २०१६ मध्येच सांगितलंय, पण खासगी नर्सिंग होमात ज्याचा त्याचा नियम. होकार मिळाला तर फाइलवर लिहून घे. रात्रपाळीच्या सिस्टरला तोंडी परवानगी माहीत नसते, आणि ती बिचारी दार अडवणारच.

डुलांना नर्ससारखी कौन्सिलची नोंदणी नसते, त्यामुळे प्रमाणपत्र बघून फारसं कळत नाही. त्यापेक्षा तिला म्हण, "ठरवल्यासारखं झालं नाही असं एखादं बाळंतपण सांगा." आणि ऐकत राहा. डॉक्टरांनाच नावं ठेवत बसली, किंवा नाव-गाव घेऊन दुसऱ्या बाईची हकिगत सांगू लागली, तर तुझीही उद्या अशीच सांगेल. "आत किती उघडलंय ते मी बघेन" म्हणाली, तर तिथेच चहा आटप. आतली तपासणी, ठोके, औषध यांतलं काही डुलाचं काम नाही. कळा असह्य होऊन तू एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन, मागितलंस तर ती काय करेल, हेही विचार.

मग तिला सांग, कळ आल्यावर कुठे दाबाल ते दाखवा. लाजू नकोस. तिचा हात पाठीला लागला की अंग आखडतं की सैल पडतं, ते तुझं तुलाच कळेल. मी तर याच एका गोष्टीवर निम्मा निर्णय घेईन.

व्यवहाराचंही बोल. ती राहते कुठे? विरारची असेल तर मध्यरात्रीनंतर लोकल नाही, आणि जुलैत रुळांवर पाणी भरलं तर दिवसाही नाही. येता आलं नाही तर बदली कोण, आणि त्या बदलीला तू आधी भेटशील का? त्याच पंधरवड्यात तिच्याकडे आणखी किती जणी आहेत? घरी कळा सुरू झाल्यावर येईल की थेट हॉस्पिटलात? सिझर ठरलं, किंवा ती पोचायच्या आधीच बाळ आलं, तर पैशांचं काय? हे सगळं लिहून घे, पाहुण्यांसारखं संकोचून राहू नकोस.

नवऱ्याला तुझ्या उशाशी उभं राहू दे, तोंड तुझ्याकडे. तिथून रक्त दिसत नाही, आणि तुला त्याचा चेहरा दिसतो.

राहिल्या सासूबाई. भेटीच्या दिवशी त्यांनाही शेजारी बसव. त्यांना कळा सुरू झाल्या तेव्हा जवळ कोण होतं, ते त्या बाईसमोर विचार. सुईण असेल, नणंद असेल, नाहीतर चाळीतली कुणी काकू. आणि कुणीच नव्हतं असं म्हणाल्या, तर त्यांना सावकाश बोलू दे.