शंका येते, ढोंग करतात

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. मदर तेरेसांच्या पत्रांवरचा एक लेख मराठीत आणताना त्या 'हिपोक्रिट' या शब्दापाशी अडल्या. कोशात 'दांभिक' सापडला, तो लिहिला, पण मनाला पटेना. त्या विचारतात: देवाविषयी मनात शंका असूनही प्रार्थना चालू ठेवणाऱ्या माणसाला दांभिक म्हणता येईल का? आणि येत नसेल, तर त्याच्यासाठी मराठीत शब्द कोणता?

ताई, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. तिथे 'दांभिक' बसत नाही.

'दंभ' हा शब्द संस्कृतातल्या 'फसवणे, इजा करणे' अशा अर्थाच्या धातूपासून आला. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी आहे, तिच्यात तो सर्वांत पहिला. शंकराचार्य तिथे त्याचा अर्थ एका शब्दात देतात: धर्मध्वजित्व. म्हणजे धर्माचा झेंडा खांद्यावर मिरवणं. ज्ञानेश्वरांनी याच जागी दिलेला दृष्टान्त एकदा वाचला की विसरता येत नाही. आपली आई तीर्थासारखी खरी, पण तिला चारचौघांत उघडं करून दाखवलं तर ते पतनाचंच कारण. गुरूने दिलेली विद्या चव्हाट्यावर ओरडून सांगणं तसंच. म्हणजे दंभात धर्म खोटा असतोच असं नाही. खोट आहे ती त्याच्या प्रदर्शनात. मनात शंका आहे की नाही, हा प्रश्न या व्याख्येत कुठेच येत नाही. शंकेचा लवलेश नसलेला माणूसही पक्का दांभिक असू शकतो.

आता पत्रांकडे वळू. ती २००७ साली, मदर तेरेसांच्या निधनानंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाली. कोलकात्याच्या वस्त्यांमधलं काम सुरू झालं त्याच सुमारास त्यांच्या आतला देवाचा अनुभव आटला आणि ती पोकळी जवळजवळ पन्नास वर्षं राहिली, हे त्यांतून जगाला कळलं. सप्टेंबर १९७९ मध्ये त्या एका धर्मगुरूंना लिहितात की आतली शांतता आणि रितेपण एवढं मोठं आहे की मी बघते पण दिसत नाही, ऐकते पण ऐकू येत नाही. त्यानंतर तीनच महिन्यांनी ओस्लोला त्यांनी शांततेचं नोबेल स्वीकारलं. पत्रं बाहेर आल्यावर टीकाकारांनी यावरच बोट ठेवलं: बाहेर एक, आत एक. पण 'हिपोक्रसी' हा शब्द त्यांच्याआधी मदर तेरेसांनी स्वतःच स्वतःला लावला होता. आपण लोकांसमोर असं बोललो की जणू काळीज देवाच्या प्रेमात बुडालंय, आणि तुम्ही तिथे असता तर म्हणाला असता, 'केवढं हे ढोंग!' असं त्या एका पत्रात सांगतात. आपल्या हसण्यालाही त्या सगळं झाकणारा मुखवटा म्हणतात.

मुखवटा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण 'हिपोक्रिट' मुळात ग्रीक रंगभूमीवरून आला. नट, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा शब्द 'सोंग'. आणि सोंगाला मराठीत मूळचा दोष चिकटलेला नाही. भारुडात सोंग आणतात. दशावतारात विष्णूचं सोंग घेतलेल्या माणसाला गावकरी हात जोडतात, आणि तो सकाळी शेतावर जाणारा शेजारी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. सोंगाने कोणी फसत नाही, ढोंगाने फसतात. त्याच्या पुढची पायरी भोंदूची: तो फसवतो आणि वर त्याचं खातो. तीन शब्दांच्या या तीन जागा मराठीने नीट राखल्या आहेत, आणि 'हिपोक्रिट' दिसला की 'दांभिक' लिहिण्याच्या सवयीने आपण त्या पुसतो आहोत. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

पण सगळ्यात जास्त सांगतं ते आपलं व्याकरण. मराठीत शंका *येते*. मला ताप येतो, झोप येते, तशी मला शंका येते. इथे 'मी' कर्ता नाही, ज्याच्यावर गोष्ट गुदरते तो आहे. उलट ढोंग *करतात*, आव *आणतात*, सोंग *घेतात*. मी ढोंग केलं, मी आव आणला. इथे कर्ता मी आणि जबाबदारी माझी. विश्वासाचंही तसंच: तो बसतो आणि उडतो. श्रद्धा ढळते, डळमळते. जे आपण केलेलंच नाही त्याबद्दल आपल्याला ढोंगी कसं म्हणणार? 'संशय' मात्र दोन्हीकडे जातो. संशय येतो आणि संशय घेतातही, म्हणून त्याला आरोपाचा वास आहे. नवऱ्याने बायकोवर संशय घेतला म्हणतात, शंका घेतली म्हटलं की धार कमी होते.

आणि गीतेतलं 'संशयात्मा विनश्यति'? ते चौथ्या अध्यायात आहे खरं. पण सहाव्यात अर्जुनच म्हणतो की कृष्णा, हा माझा संशय तूच तोडू शकतोस. त्यावर कृष्ण त्याला मिथ्याचारी, म्हणजे खोट्या आचरणाचा, म्हणत नाही. तो शब्द तिसऱ्या अध्यायात आला आहे, तो हातपाय आवरून मनात विषय चघळणाऱ्यासाठी.

तुकोबांच्या गाथेत हा फरक लख्ख दिसतो. 'ऐसे कैसे जाले भोंदू' म्हणून अंगाला राख लावणाऱ्यांना झोडपणारे तुकोबाच 'माझे लेखी देव मेला । असो त्याला असेल' असंही म्हणतात. 'माझे लेखी' म्हणजे माझ्या हिशेबी. ज्याला असेल त्याला असो, माझ्यापुरता तो गेला. यापुढे जाऊन आणखी काय बोलायचं राहतं? तरी या ओळीवरून तुकोबांना भोंदू म्हटलेलं मी कोणा वारकऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आमची आत्या माळकरी. तिचा मुलगा एकविसाव्या वर्षी गेला. त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो होतो. तिने कापूस पिंजला, तळहातावर फुलवात वळली, टोक तेलात बुडवून बोटांनी चिमटलं. काडी दोनदा विझली, तिसरी पेटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लावते रे, पण पलीकडे कोण आहे का, ते नाही आता कळत." कोणीतरी तिला सुचवलं होतं की मग माळ उतरव, उगाच कशाला. ती म्हणाली, "घातली तेव्हा तरी कुठं कळत होतं?" पुढे नऊ वर्षं ती दिवा लावत राहिली. तिला दांभिक म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. दांभिकाला पलीकडे कोणी नसण्याचं दुःख नसतं. हिला होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अशा माणसासाठी एकच नाम हवं असा आग्रह नको. मराठी इथे क्रियापदाने बोलते: श्रद्धा डळमळली, मनात किंतु आला. 'किंतु' मला फार आवडतो. संस्कृतातलं हे उभयान्वयी अव्यय, साधं 'पण', मराठीने उचलून त्याचं नाम केलं. भाविक मंडळींचा खास शब्द 'विकल्प'. 'मनात विकल्प आणू नकोस,' असं आजी म्हणायची. आता मात्र विकल्प म्हटलं की लोकांना परीक्षेतल्या प्रश्नाचे पर्याय आठवतात. तुमचा लेख ख्रिस्ती संदर्भाचा असल्यामुळे मराठी बायबलमधला 'अल्पविश्वासी' हा तयार शब्दही हाताशी आहे. पाण्यावर चालता चालता घाबरून बुडू लागलेल्या पेत्राला, आपल्या शिष्याला, येशू तसं म्हणतो, पण ते म्हणण्याआधी हात पुढे करून त्याला धरतो.

त्याच मराठी बायबलमध्ये परूश्यांना, म्हणजे धर्मनियमांचा काटेकोर आग्रह धरणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, 'ढोंग्यांनो' अशी हाक आहे. म्हणून मदर तेरेसांच्या तोंडच्या त्या वाक्यात मी 'ढोंग'च ठेवीन. तो त्यांनी स्वतःला लावलेला शब्द आहे, आपण तो सौम्य करायचा नाही. लेखकाचं स्वतःचं निवेदन असेल तिथे 'दांभिक' काढून 'त्यांची श्रद्धा आतून डळमळली होती' एवढं लिहा.