‘लाइन थ्रू आहे’ म्हणण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं नाव यादीत लागल्याचे पेढे पोचले. तुझे वडील दारात उभे राहून दोनदा म्हणाले, ‘सिग्नल मिळालंय, गोव्याचं सेंटर.’ सिग्नल म्हणजे सैन्याची संदेशवहनाची शाखा. त्यांच्या मागे तू मात्र जरा पडलेल्या चेहऱ्यानं उभा होतास. मग हळूच विचारलंस, ‘काका, म्हणजे मी फौजेत जाऊन वायरमनच होणार का?’ तेव्हा चार माणसं बसली होती, म्हणून मी काही बोललो नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

आधी एक शंका मिटवतो. बंदूक सुटत नाही. पहिले महिने तू नुसता रंगरूट असशील. पीटी, ड्रिल, फायरिंग, रगडा, सगळं बाकीच्या पोरांसारखंच. ट्रेडचं शिक्षण त्यानंतर सुरू होतं. मी जबलपूरच्या वन एसटीसीत (पहिल्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरात) शिकलो, तू गोव्याच्या टू एसटीसीत शिकशील. बोधवाक्य दोघांचं एकच : तीव्र चौकस. सिग्नल कोरची सुरुवात १५ फेब्रुवारी १९११ ची. तेव्हा ती सॅपर्सच्या, म्हणजे सैन्यातल्या इंजिनियरांच्या पोटात दोनचार कंपन्यांची होती. आज सैन्याचा प्रत्येक हुकूम, नकाशा, तोफेला द्यायचा प्रत्येक आकडा तिच्याच हातून जातो. ‘तीव्र’ म्हणजे वेगवान हे पोरं पहिल्याच दिवशी शिकतात. ‘चौकस’ शिकायला मला सहा वर्षं लागली. हे पत्र त्याच शब्दाबद्दल आहे.

बर्फाच्या भागात आमचा सराव चालू होता. पुढच्या टेकडीवर एक डिटॅचमेंट जायची होती, एक रेडिओ सेट आणि चार जवान. बॅटऱ्या तपासून देणं माझं काम. लेड ॲसिडच्या जड बॅटऱ्या होत्या. मीटर लावला, साडेबारा व्होल्ट दाखवले, लॉगबुकात लिहिलं ‘तपासली, ठीक’ आणि सही केली. भार लावून, म्हणजे तिच्यातून खरोखर करंट ओढून पाहिलं नाही. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर पेटीतून काढलासुद्धा नाही. थंडी होती, हात बधिर झाले होते, जेवणाची शिट्टी झाली होती.

रात्री त्या डिटॅचमेंटला आमचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, पण त्यांचं उत्तर आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. याचं कारण तू पॉलिटेक्निकमध्ये शिकला आहेस, मला तेव्हा उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी शिकवलं. ऐकायला सेटला वीज थोडीशीच लागते. बटण दाबून बोलायला गेलं की एकदम कितीतरी पट करंट ओढला जातो. बॅटरी थकलेली असली तर तिचा व्होल्टेज त्या क्षणी कोसळतो, आणि बटण सोडलं की पुन्हा वर येतो. भार न लावता नुसत्या मीटरला ती निरोगीच दिसते. त्यात थंडीनं तिची निम्मी ताकद आधीच गेलेली. वरच्या एका जवानाला धाप लागून त्रास व्हायला लागला होता आणि त्याला खाली आणायला मदत हवी होती. ते सांगायला त्यांचा लाइनमन अंधारात, बर्फातून चालत खाली आला. वाटेत घसरला आणि त्याचा घोटा मोडला. दोघंही वाचले, दोघंही पुढे नोकरीत राहिले. पण तो लंगडत तंबूत शिरला तेव्हा मी चहा पीत बसलो होतो, हे मी अजून विसरलो नाही.

मला कोणी जाब विचारला नाही. लॉगबुकात ‘ठीक’ लिहिलं होतं ना! उलट बॅटरीलाच दोष दिला सगळ्यांनी. तिसऱ्या दिवशी मी स्वतः उस्तादांकडे गेलो आणि सांगितलं. ते ओरडले नाहीत. चार्जिंग सेक्शनमधल्या सगळ्या बॅटऱ्या बाहेर काढायला लावल्या आणि एकेकीला भार लावून, प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची घनता मोजून वहीत उतरवायला सांगितली. भरलेल्या सेलची १.२६० च्या वर, उतरलेल्याची १.१२० च्या आसपास. दोन दिवस तेच केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, ‘अब बता, पहले क्या चेक किया था?’ मी म्हणालो, ‘कुछ नहीं, साब.’ तेव्हा कुठे मला जेवायला सोडलं.

तर पोरा, ‘वायरमन’ आणि सिग्नलचा टेक्निशियन यांच्यात फरक एवढाच की तुझ्या सहीवर विसंबून कोणीतरी टेकडी चढतो. त्याला तुझं नाव माहीत नसतं. तू बॅटरीला भार लावलास की नाही हेही त्याला कळणार नसतं.

तारा तुटल्या की काय होतं ते आपल्या सैन्यानं पाहिलंय. १९६२ च्या ऑक्टोबरात आजच्या अरुणाचलातल्या नामका चू नदीकाठी चिन्यांनी हल्ल्याच्या आधी रात्रीच टेलिफोनच्या तारा तोडल्या. २० तारखेच्या पहाटे तोफा सुरू झाल्या तेव्हा पुढच्या जवानांना मुख्यालयाशी बोलायला लाइनच उरली नव्हती. ती माणसं कशी लढली हे आपल्याला नंतर कळलं. त्या घटकेला मागे बसलेल्यांना मात्र काहीच कळत नव्हतं.

फील्ड केबल ओढायला कंटाळू नकोस. तुला वाटेल, या जमान्यात तारा कशाला? रेडिओ हवेत बोलतो आणि शत्रू ऐकतो, म्हणून. केबल ओढताना झोळ ठेव, ताणून बांधू नकोस. रस्ता आडवा आला तर ती पुरून ने किंवा उंचावरून ने. प्रत्येक वळणावर बिल्ला बांध, कारण रात्री दोन वाजता फॉल्ट शोधायला तूच जाणार आहेस. फॉल्ट शोधायला टोकापासून टोकापर्यंत चालत बसू नये. टेस्ट फोन घेऊन मध्यावर जा आणि दोन्ही बाजूंना बोलून बघ. जी बाजू बोलत नाही तिच्या मध्यावर जा. पुन्हा तसंच. पाच-सहा वेळा अर्धं केलं की नजरेत मावेल एवढाच तुकडा उरतो, आणि बहुतेक वेळा त्यावर खेचराचा खूर पडलेला असतो. जोड दिलास की दोन्ही टोकांवरच्या माणसांशी बोल. आवाज कानानं ऐक, आणि मगच ‘लाइन थ्रू’ म्हण. ‘थ्रू असणार’ म्हणू नकोस.

रेडिओचं गणित तुला आवडेल. साध्या डायपोल अँटेनाची (मधोमध जोडलेल्या दोन सारख्या तारांची) लांबी मीटरमध्ये हवी तर १४३ ला मेगाहर्ट्झनं भाग. ५ मेगाहर्ट्झला साधारण साडेअठ्ठावीस मीटर येतात. डोंगर आडवा असेल तर नवे लोक अँटेना उंच करायला धावतात. एचएफला, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरींना, कधी कधी उलटं करायचं असतं. तार जमिनीपासून तीन-चार मीटरवरच बांधली की लहर सरळ वर जाते, आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतते आणि डोंगरापलीकडच्या दरीतही उतरते. दिवसा चालणारी फ्रिक्वेन्सी रात्री चालत नाही, खाली यावं लागतं. हे सगळं पुस्तकात आहे. पण पुस्तक वाचलेला आणि स्वतः तार बांधून पलीकडचा आवाज ऐकलेला, यांच्यात मला नेहमी दुसरा हवासा वाटला. सुट्टीत अजून दिवस आहेत. एक मल्टिमीटर घे, जुन्या रेडिओचे पन्नास जोड सोल्डर कर, उकल, परत कर. हात स्थिर झाला पाहिजे.

ऑप्टिकल फायबर तुला आमच्यापेक्षा जास्त भेटेल. आतली काच ९ मायक्रॉन जाड, बाहेरच्या काचेसकट १२५; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे धुळीचा एक कणसुद्धा त्या काचेपुढे धोंडा आहे. टोक पुसल्याशिवाय कनेक्टर लावू नकोस. टोकात डोळा घालून ‘उजेड येतोय का’ बघू नकोस. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळा मात्र जाऊ शकतो. कापलेले तुकडे टेपवर चिकटव. पायात शिरले तर काढायला सापडत नाहीत.

आता कॉम्प्युटरचं. इथे माझ्या बॅटरीचाच किस्सा दुसऱ्या रूपात तुला भेटेल. तू ‘पिंग’ करशील, म्हणजे पलीकडच्या कॉम्प्युटरला ‘आहेस का’ असं विचारणारं छोटं पाकीट पाठवशील, उत्तर येईल, आणि तू लिहिशील ‘नेटवर्क ठीक’. तासाभरानं वरून फोन येईल की फाइल जात नाही. पिंगचं पाकीट छोटं असतं, फाइलची पाकिटं मोठी. मध्ये संदेश गुप्त करणारं यंत्र बसलं की ते प्रत्येक पाकिटावर आपलं आवरण चढवतं. मग १५०० बाइट्सचं भरलेलं पाकीट वाटेत मावत नाही, आणि काही ठिकाणी ते मुकाट्यानं टाकलं जातं. छोटं जातं, मोठं अडतं. लाइन जिवंत दिसते, पण काम होत नाही. म्हणून तपासणी नेहमी त्या माणसाच्या कामाची कर. त्याला फाइल पाठवायची असेल तर फाइल पाठवून बघ.

आणि पेन ड्राइव्ह. २००८ साली अमेरिकेच्या सैन्यात एका पेन ड्राइव्हमधून शिरलेला व्हायरस त्यांच्या गुप्त नेटवर्कपर्यंत पोचला होता. तो साफ करायला वर्षाहून जास्त काळ गेला आणि पेन ड्राइव्ह वापरण्यावरच बंदी घालावी लागली. ‘फक्त गाणी आहेत, साहेब’ म्हणत एखादा सीनियर तुझ्यापुढे पेन ड्राइव्ह धरेल. नाही म्हण. हात जोडून म्हण, पण नाहीच म्हण. पासवर्डचंही तेच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं एनिग्मा यंत्र फार अवघड होतं, पण काही ऑपरेटर कंटाळून चावी म्हणून मैत्रिणीचं नाव किंवा कीबोर्डवरची शेजारशेजारची अक्षरं वापरायचे. पलीकडे इंग्लंडात बसलेले लोक अशाच आळसाची वाट बघत होते. यंत्र कितीही अवघड असलं तरी ते माणसाच्या आळसापाशी फुटतं.

मोबाइलवर वर्दीतला फोटो, युनिटचं नाव, ‘सध्या कुठे आहे’ हे काहीही टाकू नकोस. २०२० मध्ये सैन्यानं ८९ ॲप काढून टाकायचा हुकूम काढला तेव्हा पोरांना राग आला होता. मला नाही आला. अनोळखी गोड आवाजाचा फोन तुलाही येईल. तो तू देखणा आहेस म्हणून येत नसतो, तू सिग्नलमध्ये आहेस म्हणून येतो.

तीन गोष्टी जिवाच्या. बंद बंकरमध्ये किंवा तंबूत जनरेटर चालवू नकोस, कितीही थंडी असो. त्या धुरातल्या विषारी वायूला वासच नसतो, कळेपर्यंत माणूस झोपी गेलेला असतो. आणि टॉवरवर चढताना पट्टा लाव, दहा फूट चढायचं असलं तरी. पावसाळ्यात डोंगरावर अर्थिंग आधी, सेट नंतर. खडकाळ जागी नुसती एक कांब ठोकून भागत नाही. लांब तार पुर, ओल धर, कोळसा-मीठ घाल.

अग्निवीर म्हणून चार वर्षंच, मग पुढे काय, असं तुझ्या आईला वाटतंय ते मला कळतं. ती बरोबरच विचारतेय. अग्निवीरांतले चारातला फार तर एक पुढे कायम होतो, हे नियमातच आहे आणि मी तुला खोटी आशा देणार नाही. मला स्वतःला हा काळ कमी वाटतो. चांगला टेक्निशियन घडायला माझ्या मते सात-आठ वर्षं लागतात, आणि मी हे पंचायतीतही बोललोय. पण तुझ्या हातात जे आहे ते तू कर. इंग्रजी मॅन्युअल मूळातून वाचायची सवय लाव, सीनियरनं सांगितलेल्या शॉर्टकटवर राहू नकोस. नेटवर्किंगचं जे जे शिकवतील ते प्रमाणपत्रासकट घे. चार वर्षांनी बाहेर पडलास तरी पुण्यात काय, कुठंही काय, टॉवर आणि डेटा सेंटरवाल्यांना रात्री दोन वाजता शांत डोक्यानं फॉल्ट शोधणारा माणूस लागतोच.

आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात, एवढी घरं फौजेत गेलेली. तिथल्या म्हाताऱ्यांकडून लहानपणी मी लढायांच्या गोष्टी ऐकल्या. त्यात बंदुका होत्या, संगिनी होत्या, पण निरोप पोचवणारा माणूस नव्हता. तू तुझ्या नातवंडांना सांगशील तेव्हा त्याला गोष्टीत घे.

जाताना साधी वही ने, पण युनिटचं, सेटचं, फ्रिक्वेन्सीचं काहीही तिच्यात लिहू नकोस. फक्त आपल्या चुका लिही. पहिले काही आठवडे मोबाइल जमा राहील, हे आईला आजच सांगून ठेव, नाहीतर ती दर संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसेल. बसली तरी चालेल, चहा होईलच. पण पोचल्यावर एक पोस्टकार्ड टाक. आणि पहिल्यांदा स्वतः ओढलेल्या लाइनवर पलीकडून ‘हाँ, बोलो’ ऐकू आलं की त्या दिवसाची तारीख मला कळव. माझी अजून लक्षात आहे.

तुझा,
काका