अवलंबी चल आणि मिस्त्रीचा ओळंबा

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय: मुलीचा शाळेसाठी प्रयोग आहे. मुगाच्या सहा कुंड्या, प्रत्येकीत खत कमी-जास्त, पंधरा दिवसांनी रोपांची उंची मोजायची. बाई म्हणाल्या, खताची मात्रा हे ‘स्वतंत्र चल’ (चल म्हणजे प्रयोगात बदलणारी गोष्ट). पोरगी म्हणते, ‘खत मीच टाकते, मग ते स्वतंत्र कसं?’

पोरगी हुशार आहे. घोळ घातलाय तो ‘स्वतंत्र म्हणजे आपोआप बदलणारं’ असं पाठ करून घेणाऱ्यांनी. लातूरपासून नांदेडपर्यंत हे ऐकून माझे कान किटलेत. आपण मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल. त्यानं काय फरक पडतो म्हणून जे मोजतो ते अवलंबी, काही पुस्तकांत परतंत्र. खत स्वतंत्र आहे ते पोरीपासून नव्हे, रोपाच्या उंचीपासून. उंची वाढली म्हणून कुंडीतलं खत वाढत नाही. झालं.

खरी गंमत ‘अवलंबी’त आहे. संस्कृत ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणं, ‘अव’ म्हणजे खाली. हाच ‘अवलंब’ लोकांच्या तोंडी झिजला, ‘अव’चा ‘ओ’ झाला, ‘ल’चा ‘ळ’, आणि उरला आपला ओळंबा, भिंत सरळ उभी आहे का ते बघायला दोरीला टांगून सोडतात ते वजन! आमच्या घराचं काम चालू असताना मिस्त्री दिवसभर ओरडायचा, ‘अरे, ओळंबा लावून बघ की!’ पुस्तकातला अवलंबी आणि परांचीवरचा ओळंबा असे सख्खे भाऊ निघाले. तिकडे इंग्रजीतल्या ‘डिपेंडंट’च्या पोटातही लॅटिनचं ‘पेंडेरे’ आहे, म्हणजे पुन्हा लटकणंच. त्यांचा पेंड्युलम त्याच घरातला, आपला लंबक आपल्या.

म्हणून माझं मत, हा धडा शिकवायचा तो ओळंब्यानंच. तो खुंटीला टांगा आणि हलकाच झोका द्या. खुंटीपासून वजनाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर दोरी असेल तर एक जाऊन-येऊन झोका साधारण १ सेकंदाचा. दोरी १ मीटर केली की २ सेकंदांचा. (वीस झोके मोजून भागा, एकाच झोक्यावर घड्याळ दाबू नका.) लांबी स्वतंत्र, वेळ अवलंबी. आता बघा, ‘लांबी’ही ‘लम्ब्’चीच लेक, पण इथं स्वतंत्र होऊन बसलीय!

शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांतले विद्वान मात्र ‘स्वाश्रयी’ आणि ‘आश्रयी’ चल लिहितात. स्वाश्रयी म्हटलं की मला बचत गट आठवतो आणि आश्रयी म्हटलं की पावसात ओसरीला उभा राहिलेला पाहुणा. ओळंब्यासारखा हाताशी आलेला शब्द टाकून हे कशाला? आणि हिंदीच्या नादानं ‘स्वतंत्र चर’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, आमच्याकडे चर डोंगराच्या उतारावर खणतात, पाणी जिरवायला.

‘स्वतंत्र’मधलं ‘तंत्र’ म्हणजे मुळात माग, मागावर ताणलेले उभे धागे. ‘तन्’ म्हणजे ताणणं. पैठणच्या विणकराला यावर जास्त सांगता येईल, मी इथंच आवरतो.

हां, कुंड्या. पाणी, ऊन आणि माती सहाही कुंड्यांना सारखी ठेवायला सांगा पोरीला. नाहीतर उंची खतावर अवलंबून की पाण्यावर, हे बाईंनाही सांगता येणार नाही.