पारोळ्याजवळ भावावर 'ड्रंक अँड ड्राइव्ह'ची केस झाली. वकील लावायचा की दंड भरून मोकळं व्हायचं?

तुम्ही लिहिलंत की तुमचा धाकटा भाऊ सुरतला कामाला. सुट्टीत गावी आला, शेतातल्या भरीत पार्टीवरून रात्री मोटारसायकलने परतताना पारोळ्याजवळ नाकाबंदीत सापडला. तोंडाने फुंकायच्या मशीनवर ६८ आलं, लायसन जमा, गाडी ठाण्यात. घरचे म्हणतात दंड भरून मोकळा हो, मित्र म्हणतात वकील लाव. मी स्वतः वकील नाही, वकिलांकडे कारकून आहे. जळगाव आणि आजूबाजूच्या तालुका कोर्टांत अशा फायली कायम हातात असतात, त्यावरून सांगतो. शेवटी दंडच भरायचा ठरला तरी कागद आधी वकिलाला दाखवा, आणि ते दाखवेपर्यंत कोर्टात काहीही कबूल करू नका.

हे हेल्मेटच्या चलनासारखं नाही, भाऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. त्यामुळे 'साहेबांशी बोलून मिटवून देतो' म्हणणारा कोणी भेटला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा. मर्यादा आहे १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. अपघात झालेला नसेल तर पहिल्या वेळी आमच्याकडे बहुतेक दंडावर निभावतं. म्हणून तर पोरं उभी राहतात, 'कबूल आहे साहेब' म्हणतात आणि पैसे भरून निघून जातात.

पण कबुली दिली की तो दोषी ठरला, आणि ते कागदावर राहतं. पोलीस भरतीची तयारी करत असेल, ड्रायव्हरकीवर पोट असेल, पुढे पासपोर्ट काढायचा असेल, तर हा कागद आडवा येऊ शकतो. भावाचं यातलं काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. वकिलाला मात्र हे पहिल्याच भेटीत सांगा.

आता कागदांचं. मशीनमधून जी पावती निघते ती सांभाळा. तो एटीएमच्या पावतीसारखा गुळगुळीत कागद असतो, खिशात ठेवला की घामाने आणि उन्हाने पुसला जातो. आजच मोबाइलवर फोटो काढा. तिच्यावर भावाचं नाव बरोबर आहे का, तारीख, वेळ, मशीनचा नंबर आणि सही आहे का, हे बघा. पावती दिलीच नसेल तर वकिलाला तसं सांगा, ती पोलिसांच्या कागदांतून मिळवता येते. मग थांबवल्याची वेळ, पावतीवरची वेळ आणि डॉक्टरी तपासणीची वेळ एका ओळीत लिहून काढा. अटक दाखवली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. वेळ चुकली म्हणजे केस उडाली असं नाही, पण वकिलाला बोलायला जागा मिळते. ग्रामीण रुग्णालयाच्या सर्टिफिकेटावर 'तोंडाला दारूचा वास' एवढंच असेल, तर नुसत्या वासावरून ३० चा आकडा सिद्ध होत नाही. पण भावाचं मशीनवर ६८ आलेलं आहे, त्यामुळे त्यावर फार आशा ठेवू नका. रक्त घेतलं असेल तर सुईआधी कातडीला स्पिरिटचा (त्यातही अल्कोहोल असतं) बोळा लावला होता का, तेही भावाला विचारून ठेवा. वकिलाला हा प्रश्न लागतो.

पैशाची अडचण लिहिलीत. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुका कोर्टांत तालुका विधी सेवा समिती. तिथे अर्ज दिला की वकील फुकट मिळतो. बाया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी माणसाला तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्यासाठी खेटे घालायची गरजच नाही, जातीचा दाखला पुरे. बाकीच्यांचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असावं लागतं. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते. फुकटचा वकील म्हणजे हलका वकील असं आपल्याकडे पारावर बोलतात. माझ्या डोळ्यांसमोर त्यातल्या काहींनी पाच आकडी फी घेणाऱ्यांपेक्षा बारकाईने कागद वाचलेत.

खाजगी वकील लावलाच तर तालुक्याच्याच कोर्टातला लावा, जळगावहून मोठं नाव आणण्यासारखी ही केस नाही. वकीलपत्रावर सही करायच्या आधी फी एकरकमी की तारखेप्रमाणे, टायपिंग आणि झेरॉक्स त्यात धरलंय का, हे विचारून घ्या. विचारल्याचा राग येणारा वकील नको. आणि भाऊ किती प्यायला होता ते त्याला खरं सांगू द्या, तुमच्यासमोर लाजत असेल तर तुम्ही बाहेर बसा.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. पोरगं सुरतला निघून जातं, समन्स गावच्या पत्त्यावर येतं, आई ते देव्हाऱ्यामागे ठेवते आणि मग वॉरंट निघतं. दहा हजारांची गोष्ट तिथून वाढत जाते. भावाला सुट्टी मिळत नसेल तर वकिलामार्फत त्या तारखेपुरता गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो, पण तो तारखेच्या दिवशी किंवा आधी, नंतर नाही.

गाडीसाठी आरसी, विमा आणि मालकाचं आधार घेऊन ठाण्यात जा. कोर्टाचा हुकूम आणा म्हणाले तर वकील सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट बोलावेल तेव्हा गाडी हजर करू अशा लेखी हमीवर, गाडी सोडवण्याचा अर्ज देईल. लायसनचं प्रकरण वेगळं चालतं, ते आरटीओकडे जातं. निलंबनाआधी त्यांना भावाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तशी नोटीस आली तर उत्तर लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. दरम्यान त्याला सुरतला गाडी चालवू देऊ नका, लायसन जमा असताना पुन्हा सापडला तर मी वर लिहिलेलं निम्मं निरुपयोगी होईल.